गिअरबॉक्स बदलला, आता गिअर पडेना

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बदलून झाला की मिस्त्री हात पुसत एक ठरलेलं वाक्य टाकतो, ‘‘जरा जड वाटेल साहेब, चालवा, सेट होईल.’’ कधीकधी ते खरंही ठरतं. आतल्या पितळी रिंगा नव्या असतील तर पहिले काहीशे किलोमीटर गिअर ओढून पाडावा लागतो आणि मग तो मऊ होत जातो. पण आपल्याकडे बदलून बसवलेला गिअरबॉक्स नवा असतोच कुठे? कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झालेली आणि पुढे पद्मिनी झालेली गाडी बंद होऊन वीसहून जास्त वर्षं लोटली. तिचे सुटे भाग मिळायचे ते टॅक्सींच्या जिवावर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून तोही झरा आटत चाललाय. म्हणजे आज आपल्या हाती लागतो तो कुणाच्या तरी गाडीत हयात घालवलेला बॉक्स. त्याच्या रिंगा सेट होऊन, झिजून, कधीच्याच मोकळ्या झालेल्या असतात. तो बसवल्यावर गिअर जड पडत असेल, तर ‘सेट होईल’ म्हणणं ही शुद्ध टाळाटाळ आहे.

मी हे वाक्य ऐकून दोन महिने गाडी चालवली. वडिलांची पद्मिनी, स्टिअरिंगजवळचा गिअर. दुसरा गिअर टाकायला दोन्ही हात लागतील की काय असं वाटायचं. मग बॉक्स उतरवला, उघडला, काही सापडलं नाही, पुन्हा चढवला. गिअर तसाच जड. दोष कुठे निघाला ते पुढे सांगतो, पण त्या उतरव-चढवीतून शिकलो ते आधी. बॉक्स बदलताना ज्या ज्या वस्तूला हात लागला, ती प्रत्येक वस्तू बॉक्सच्या आधी संशयित. क्लच, क्लचची ओढ, गिअरच्या दांडीच्या सळया, मागचं रबरी माउंटिंग, तेल. बॉक्सचं पोट फाडायचं ते सगळ्यात शेवटी.

सुरुवात करायची ती इंजिन बंद ठेवून. सपाट जागेवर गाडी उभी करा, चाकांना दगड लावा, क्लचला पाय न लावता एकेक गिअर पाडून पाहा. एखादा गिअर अडला तर लगेच घाबरू नका. थांबलेल्या गिअरचे दात दातांवर आले तर तो आत जात नाही, त्यात काही बिघाड नाही. दगड काढून कुणाला तरी गाडी वीतभर पुढे-मागे ढकलायला सांगा आणि पुन्हा पाडा. आता सगळे गिअर सहज पडले आणि इंजिन चालू केल्यावरच जड झाले, तर सळया आणि बॉक्समधले गिअर सरकवणारे काटे निर्दोष आहेत. घोटाळा क्लचमध्ये, क्रँकच्या टोकाच्या बुशात किंवा तेलात आहे. इंजिन बंद असतानाही जड, तर क्लचचा संबंध संपला. सळया तपासा, मग बॉक्सचं झाकण. पाच मिनिटांच्या या एका परीक्षेने निम्मी गाडी संशयातून सुटते, आणि नेमकी हीच परीक्षा गॅरेजमध्ये कुणी करत नाही. सगळ्यांना गाडी चालवून बघायची घाई.

चालू इंजिनाची परीक्षा रिव्हर्सवर घ्यायची. त्या काळातल्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवणारी पितळी रिंग, नसते. पद्मिनीत आणि मॉरिस मायनरमध्ये तर पहिल्यालाही नाही. म्हणून हा गिअर खोटं बोलत नाही. इंजिन गरम, हळू चालतंय, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, मनात सावकाश पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. निमूट पडला तर क्लच सुटतोय. खर्रर्र करून ओरडला तर क्लच दाबलेला असूनही बॉक्सचा पुढचा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतोच आहे. पाचऐवजी पंधरा मोजल्यावर आवाज गेला, तर शाफ्ट थांबतो पण उशिरा थांबतो. पंधरानेही काही फरक नाही, तर त्याला कोणीतरी सतत फिरवतंय.

फिरणाऱ्या शाफ्टमुळे गिअर जड का पडतो, हे एकदा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पितळी सिंक्रो रिंग म्हणजे एक चिमुकला ब्रेक. तुम्ही दांडी ओढता तेव्हा ती गिअरच्या शंकूवर घासते आणि त्याचा वेग जुळवून घेते; वेग जुळेपर्यंत पुढचा रस्ता अडवून धरते, जुळला की वाट देते. क्लच पूर्ण सुटला असेल तर तिला फक्त क्लचची प्लेट, पुढचा शाफ्ट आणि आतली चाकं एवढंच वजन आवरायचं असतं. क्लच अर्धवट धरत असेल तर तीच अंगठीएवढी रिंग सबंध इंजिनाला ब्रेक लावायला निघते. तिचं बळ पुरत नाही, म्हणून ती वाट देत नाही, म्हणून आपल्या हाताला जड. अशा वेळी जोर लावून गिअर पाडणं म्हणजे रिंग कापून काढणं. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना वेगातला फरक मोठा असतो, म्हणून सगळ्यात आधी दुसरा गिअर बोलतो. ‘दुसऱ्याची रिंग गेली’ हे निदान त्यामुळेच इतकं सवंग झालंय.

क्लच सुटत नाही असं दिसलं की सर्वांत आधी पायाखाली बघा. विनोद नाही करत. गाडी नवी सजवताना जाड गालिचा आणि त्यावर रबरी मॅट अंथरली जाते, आणि पायडल तळाला टेकायच्या आधी मॅटला टेकतं. तेवढा अर्धा-पाऊण इंच खालपर्यंत पोचत नाही. मॅट काढून पुन्हा रिव्हर्स टाकून पाहा. त्यानंतर गाडीखाली जा. इथे एक ताकीद : नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही, कधीही, मिनिटभरसुद्धा जायचं नाही. स्टँड लावा, चाकं अडवा, मगच आडवे व्हा. वर कोणी पायडल दाबत असताना क्लचच्या फोर्कचं बाहेरचं टोक किती सरकतं ते खडूची खूण करून मोजा आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडा. ओढ सळईची असेल तर तिच्या पिनांची भोकं लांबट झालेली सापडतात. एकेका भोकातला मिलिमीटरभर प्ले पुढे मिळून पायडलची चांगलीच दौड खातो. तेलावरचा क्लच असेल तर बॉक्स बदलताना स्लेव्ह सिलिंडर सोडला होता का ते विचारा. सोडला असेल तर लाइनमध्ये हवा आहे असं धरूनच चाला आणि पुन्हा हवा काढा. आणखी एक चोर म्हणजे जुना रबरी होज. बाहेरून शाबूत दिसतो, पण दाबाखाली फुगतो. पायडलचं काम सिलिंडरला न मिळता होजच्या फुगण्यात जातं. पायडल दाबलेलं असताना होज मुठीत धरा, फुगणं हाताला कळतं.

दौड पुरेशी असूनही क्लच सुटत नसेल, तर घंटेच्या आत, म्हणजे बेल हाउसिंगमध्ये, काहीतरी चुकलंय. आणि ते बसवताना चुकलंय. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त नुकसान एका क्षणात होतं. बॉक्स खालून उचलून शाफ्टचं टोक प्लेटच्या स्प्लाइनमध्ये शिरलेलं असतं, हात दमलेले असतात, आणि मिस्त्री म्हणतो, ‘‘राहू दे असाच, बोल्ट आण.’’ त्या अर्ध्या मिनिटात बॉक्सचं सगळं वजन प्लेटच्या मधल्या हबवर लोंबकळतं. प्लेट डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, आणि वाकलेली प्लेट क्लच दाबला तरी फ्लायव्हीलला कुठेतरी चाटतच राहते. तसंच बोल्टचं. बॉक्स शेवटच्या सुताएवढ्या अंतरापर्यंत हातानेच सरकून बसला पाहिजे. बोट-दोन बोटं फट राहिली असताना बोल्ट आवळून ओढून घेतला, तर काहीतरी मोडूनच तो बसलेला असतो. प्लेट मधोमध धरायला जुना शाफ्ट नसेल, तर खराद्याकडून लाकडी दांडकं तासून घ्या. माझं दांडकं शिसवीच्या जुन्या पायाचं आहे आणि ते शेजारच्या तीन गाड्यांना जाऊन आलंय.

प्लेट उलटी बसणं हीही ऐकीव गोष्ट नाही. एका बाजूला हब फुगीर असतो; ती बाजू चुकली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो. बऱ्याच प्लेटांवर फ्लायव्हीलकडची बाजू कोरलेली असते, ती वाचायची तसदी घ्यावी इतकंच. बेल हाउसिंगची जागा दाखवणाऱ्या दोन डॉवेल पिना जुन्या बॉक्सबरोबर भंगारात गेल्या, तर नवा बॉक्स केसभर तिरपा बसतो आणि क्लच कितीही समायोजित केला तरी समाधान होत नाही. गाडी पावसाळाभर बोनेट उघडं टाकून उभी होती का, तेही आठवा. फ्लायव्हीलवर गंज धरून प्लेट चिकटते. तेव्हा दोष बॉक्सचा नसतोच, फक्त बॉक्स बदलण्याच्या निमित्ताने गाडी चार महिने उभी राहिलेली असते. स्प्लाइनवर ग्रीसचं नुसतं बोट फिरवावं. कोरडे स्प्लाइन प्लेटला सरकू देत नाहीत, आणि भरपूर ग्रीस उडून प्लेटच्या अस्तरावर जातं. घंटा उघडाल तेव्हा आतली काळी पूड हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

आता तो छोटा बुश. क्रँकच्या टोकाला खोबणीत बसणारा, बॉक्सच्या शाफ्टचं नाक सांभाळणारा पितळी बुश. किंमत किरकोळ, त्रास भारी. हा बुश आत ठोकल्यावर किंचित आवळतो. बाहेर असताना शाफ्टवर छान फिरून दाखवलेला बुश बसवल्यावर शाफ्टला मिठी मारतो, आणि मग क्लच कितीही सुटला तरी इंजिन त्या मिठीतून शाफ्टला फिरवत राहतं. पंधरा मोजूनही रिव्हर्स ओरडतो तो बहुधा या दोघांपैकी एकामुळे, न सुटणारा क्लच किंवा आवळलेला बुश. वेगळं ओळखायचं तर क्लचची दौड तात्पुरती थोडी वाढवून पाहा. आवाजात फरक पडला तर क्लच, जराही नाही पडला तर बुशावर संशय घ्या. हे बुश छिद्राळ पितळेचे असतात. बसवण्याआधी ते रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावेत आणि बसवल्यावर शाफ्टचं नाक हाताने घालून फिरवून बघावं. दुसऱ्या कंपनीचा पाच गिअरचा बॉक्स आपल्या जुन्या गाडीत घालण्याची हौस सध्या फार आहे. तिथे तर नाकाची जाडी आणि लांबी दोन्ही मोजल्याशिवाय पुढे जाऊच नका. नाक लांब पडलं तर ते क्रँकला रेटतं. गिअर जड होतो ते राहिलं बाजूला, क्रँकचे थ्रस्ट वॉशर खाल्ले जातात.

रिव्हर्स शांत पडतो, पण सकाळी गिअर जड, दुपारी गरम झाल्यावर मऊ, असं असेल तर तेलाकडे वळा. गिअरबॉक्स म्हटला की नव्वद नंबरचं तेल, हे आपल्याकडे पाठच असतं. एका स्नेह्यांच्या मॉरिस मायनरचा बॉक्स बदलल्यावर डिसेंबरातल्या पुण्याच्या सकाळी दुसरा गिअर दगडासारखा झाला होता. क्लच बदलून झाला, क्लचच्या सळया बदलून झाल्या. मायनर १००० चं पुस्तक उघडलं तर त्यात गिअरबॉक्सला इंजिनाचंच तेल घालायला सांगितलेलं. नव्वद नंबर लागतं ते मागच्या अ‍ॅक्सलला! तेल काढलं, २०डब्ल्यू-५० भरलं, आणि दोन चौक फिरून येईपर्यंत गाडी पूर्ववत. याच्या उलट चूकही होते. डब्यावर ‘जीएल-५’ लिहिलेलं तेल मागच्या अ‍ॅक्सलसाठी चांगलं, पण जुन्या बॉक्समधल्या पितळी रिंगांना ते दोन प्रकारे नडतं. त्यातली गंधकाची द्रव्यं पितळ खाऊ शकतात, आणि ते इतकं निसरडं असतं की रिंगला शंकू पकडताच येत नाही. नव्वद नंबरच लागत असेल तिथे ‘जीएल-४’ मागा. दुकानदार ‘सगळं एकच असतं’ म्हणेल. ते एक नसतं. आणि जुनं तेल काढण्याआधी भरायचं बूच सुटतंय ना ते पाहा. खालचं बूच काढून तेल सांडून बसलात आणि वरचं बूच गंजून अडकलं, तर गाडी तिथेच.

आता माझ्या पद्मिनीकडे येतो, कारण तिचा रोग या कशातच नव्हता. इंजिन बंद ठेवूनही तिचा गिअर जड होता, ते मी तेव्हा तपासलंच नव्हतं. तिसरा-चौथा ठीक पडायचे. पहिला-दुसऱ्याची ओळ मात्र सापडायचीच नाही. दांडी आत-बाहेर हलवून ओळ शोधावी लागे आणि मग ओढावी लागे. स्टिअरिंगजवळच्या गिअरला दोन हालचाली असतात. दांडी नळीच्या लांबीत पुढे-मागे सरकली की ओळ निवडली जाते, वर-खाली फिरली की गिअर पडतो. ओळ बदलतानाच अडत असेल तर निवडीच्या सळईकडे बघायचं, ओळीत गेल्यावर अडत असेल तर दुसऱ्या, गिअर पाडणाऱ्या सळईकडे. हे मला एका निवृत्त टॅक्सीवाल्या काकांनी दाखवलं. त्यांनी गाडीखाली जाऊन दोन स्प्लिट पिना काढल्या, सळया बॉक्सपासून सोडवल्या आणि मला म्हणाले, ‘‘आता बॉक्सवरची पट्टी बोटाने ढकल.’’ दोन बोटांनी ढकलली. टक्. दुसरा गिअर पडला होता. ज्या गिअरसाठी मी बॉक्स उतरवून उघडला, तो दोन बोटांनी पडत होता.

सापडलं ते असं. बॉक्स बदलताना मागचं रबरी माउंटिंग नवं घातलं होतं. जुनं रबर वीस वर्षांत दबून चपटं झालेलं, आणि सळयांची लांबी त्या चपट्या रबराप्रमाणे कधीतरी जुळवलेली. नव्या रबराने बॉक्सची शेपूट वर उचलली गेली, सळया तिरप्या झाल्या, आणि न्यूट्रलमध्ये दांडी जिथे उभी राहायला हवी तिथून सरकली. भरीला भर म्हणून स्टिअरिंगच्या नळीच्या खालच्या बुशात जुनं ग्रीस वाळून डांबर झालं होतं. बुशाची जागा रॉकेलने धुऊन, बुश नवा घालून, न्यूट्रलमध्ये दांडी आणि बॉक्सवरची पट्टी दोन्ही मधोमध धरून सळईचं टोक काही आटे फिरवलं. ऊन वाढायच्या आत काम संपलं. काकांनी चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. मीच बॉक्सच्या मजुरीचे पैसे दोनदा देऊन बसलो होतो, ते त्यांना सांगायची लाज वाटली.

तेव्हा इंजिन बंद असताना गिअर जड असेल तर सळया सोडवून बॉक्सवरची पट्टी हाताने ढकलणं, हीच तपासणी. पट्टी सहज हलली तर बॉक्स उतरवू नका. खालच्या, म्हणजे फ्लोअर गिअरच्या गाड्यांत दांडी उचलून काढता येते. भोकातून आत जाड पेचकसाने काटे ढकलता येतात, पण ते जपून. दोन काटे एकदम ढकलले गेले तर नवीनच दुखणं. पट्टीही जड असेल तर मात्र बॉक्सच्या झाकणाकडे जा, तेसुद्धा बॉक्स जागेवर असतानाच, झाकण वर असेल तर. झाकणाचा एखादा बोल्ट लांबीला जास्त गेलेला असतो आणि तो खालच्या सळीला टोचतो. काट्यांच्या सळ्या अडवणाऱ्या गोळ्यांमागे स्प्रिंगा असतात. दुरुस्तीत त्यांची अदलाबदल झाली किंवा जास्त कडक स्प्रिंग आली, तर तेवढा एकच गिअर जड होतो. हे सगळं पाहूनही हाती काही लागलं नाही, तरच बॉक्स खाली.

उतरवायच्या आधी कागदावर लिहा : कोणता गिअर, चढताना की उतरताना, थंड की गरम, इंजिन बंद असताना कसा. तेल बाहेर काढाल तेव्हा ते जुन्या पांढऱ्या ताटलीत काढा आणि उन्हात धरा. सोनेरी झाक नुसती चमकत असेल तर ती पितळी रिंगांची पूड, या वयाच्या बॉक्समध्ये थोडी असायचीच. नखाला टोचेल असा पोलादी कण चुंबकाला चिकटला, तर मिस्त्रीला फोन लावा आणि तोवर गाडी हलवू नका.